बाई, शेवट सांगा की

कमल,

परवा तुझ्या मेसच्या पोरींनी मला जिन्यात अडवलं. नवा भुताचा पिक्चर आलाय म्हणे. क्लास आणि टेस्टच्या मधल्या वेळेत, जेवता जेवता, तुकड्यातुकड्यानं फोनवर बघून त्यांनी तो संपवलाय. "बाई, कमलमावशींनी ह्याला किती चपात्या दिल्या असत्या?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, आधी पुस्तकं उघडा. बिचाऱ्या हिरमुसल्या. मग मी घरी आले, दाराला कडी लावली आणि पोटभर रडले. तुला जाऊन त्या दिवशी सतरा दिवस झाले होते आणि तोवर मला नीट रडू आलंच नव्हतं. तुझ्या फोटोपुढे तर येतच नाही. तुझ्या बालाजीनं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय, त्यात तू फारच सज्जन दिसतेस.

तर आज मी तुझ्याशी बोलायला बसलेय. आजच का बसले त्याला कारण आहे आणि ते मी शेवटी सांगणार आहे. तू असतीस तर परातीतून मान वर करून म्हणाली असतीस, "बाई, आधी शेवट सांगा की, मंग काय बी सांगा." नाही सांगणार. पंचवीस वर्षं तुझ्या मनासारखं केलं, आज एक दिवस माझ्या मनासारखं होऊ दे.

हा कागद दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तर त्याला चपात्यांचं कळायचं नाही, म्हणून तेवढं लिहून ठेवते. संध्याकाळी मेसच्या चपात्यांचा ढीग तू एकटी उतरवायचीस. पिठाच्या डब्याला फोन टेकवलेला, डोळे फोनवर, हात पोळपाटावर. पिक्चर असा चालायचा. एकही चपाती करपली नाही तर तो पिक्चरच नव्हे. एक करपली तर बघायला हरकत नाही. दोन करपल्या तर पोरींनी परीक्षा झाल्यावर जरूर बघावा. तीन चपात्या तू आख्ख्या जन्मात एकाच पिक्चरला दिल्यास, आणि त्यात भूत नव्हतंच, एक बाई बंद दाराबाहेर नुसती उभी होती. करपलेल्या चपात्या तू कुणाच्या ताटात पडू दिल्या नाहीस. स्वतःच दुधात कुस्करून खायचीस आणि म्हणायचीस, "आज पिक्चर चांगला होता."

पोरींनी हे सगळीकडे पसरवलं. लातूरच्या क्लासेसमधून डॉक्टर, इंजिनियर होऊन ज्या पांगल्या त्या अजून एकमेकींना विचारतात, दोन चपात्यांचा आहे का गं. वर्तमानपत्रवाले तारे देतात, आपल्याकडे चपात्या चालतात.

पण गंमत अशी की तुला प्रत्येक पिक्चरचा शेवट आधीच माहीत असायचा. खुनी कोण, भूत कुणाचं, कोण मरणार, कोण वाचणार, सगळं विचारून घेतल्याशिवाय तू फोनला हात लावत नव्हतीस. आणि तरीही चपाती करपायची! मी वर्गात मुलांना कथा शिकवताना ओरडून ओरडून सांगायची, की बाबांनो, उत्कंठा हा कथेचा प्राण आहे. आणि शाळा सुटल्यावर तुझ्या ओट्यावर बसून त्या प्राणाचा गळा घोटायची. यावरून आपण किती भांडलो असू. तू म्हणायचीस, "शेवट ठाऊक असून भेव वाटतंय तोच खरा पिक्चर. नुसतं काय होईल काय होईल करून तर कुणी बी बसवून ठेवतंय, त्याला काय अक्कल लागती?" मी म्हणायची, तू गप, तुला कळत नाही. आता कबूल करते की तुझं म्हणणं बिनतोड होतं. हयातीत केलं असतं तर तू पोरींपुढे मिरवलं असतंस.

तुझी मतं आठवत बसले की वेळ जातो. घरात काही खुडबुडलं की पिक्चरमधली माणसं जिन्यानं वर जातात, हे तुला कधीच पटलं नाही. लातुरात ते कुणालाच पटत नाही. थिएटरात चाळिशीपुढच्या सगळ्या बायका एका आवाजात ओरडायच्या, "अगं बाहेर पळ, बाहेर!" आणि पुढच्या रांगेतली तरणी पोरं मागं वळून हसायची. त्यांना कोण सांगणार, की आपल्याकडे काही हाललं तर बाहेर पळायचं असतं, हे आपण कशातून शिकलो. तू तर तिकीटसुद्धा दाराजवळच्या खुर्चीचंच घ्यायचीस.

खुनी ओळखायची तुझी रीतही अजब होती. "जो जेवताना ताटाकडं बघंना, त्यो." मी हसायची. पण हिशेब केला तर दहातल्या सात वेळा तूच बरोबर. मेसवाल्या बाईला माणूस कशावरून कळतो ते आम्हा शिकलेल्यांना काय कळणार. मला ते मोठ्ठा आवाज करून घाबरवणारे पिक्चर आवडत नसत, वर्गात शिकवता येत नसलं की काही मास्तर डस्टर आपटतात तसं ते वाटायचं. तुला मात्र आवाजाचं काही नव्हतं. तू म्हणायचीस, "आवाज आल्याला बरा. न बोलता येतंय त्याचं भेव."

आणि ती केस सोडलेली पोर. अलीकडे दर दोन पिक्चरांमागे एकात असतेच ती, तोंडावर केस ओढलेली, पांढरा झगा घातलेली, कोपऱ्यात उभी. सगळ्या मेसमध्ये किंकाळ्या. तू एकदा लाटणं हातात तसंच धरून म्हणालीस, "काय गं बाई, कुणी वेणी बी घालंना तिची. ना तेल, ना फणी." पोरी हसून लोळल्या. मी हसले नाही, कारण मला तुझ्या सोनीचं ठाऊक होतं. तू पुन्हा लाटायला लागलीस, पण त्या दिवशी तू उरलेला पिक्चर बघितला नाहीस. एकही चपाती करपली नाही आणि तरी तू त्या पिक्चरला वाईट म्हणाली नाहीस. मेलेली माणसं आपल्याला भेव कशाला घालतील, असं तू नेहमी म्हणायचीस. दारात येऊन उभी राहिली तर आधी पाट मांडीन, वाढीन, मग विचारीन कसा काय आलात.

सोनीचं तू मला पहिल्या पिक्चरच्या दिवशी सांगितलंस. तो दिवस मी कितीदा तरी मनात चालून आलेय.

तू आमच्या गल्लीत नुकतीच मेस टाकली होतीस. मी कंधारची, शाळेच्या नोकरीनं लातुरात आलेली, एकटी, स्वयंपाकाचा कंटाळा पाचवीला पुजलेला. तुझा डबा लावला आणि महिनाभरात डबा सोडून तुझ्या ओट्यावरच जेवायला लागले. तू मला "बाई, तुमी" म्हणायचीस. मी वयानं चारच वर्षांनी मोठी, पण शाळेतली बाई ती बाई. त्या वर्षी परीक्षा संपल्यावर पोरींनी हट्ट धरला म्हणून आपण दुपारच्या खेळाला गेलो. एका बाईचं लेकरू हरवतं आणि ती शोधत फिरते, असा पिक्चर. भुताचा आहे की नाही तेच अर्ध्यापर्यंत कळत नव्हतं आणि मी अगदी रंगून गेले होते.

इंटरवलला दिवे लागले आणि तू माझं मनगट धरलंस.

"बाई, तिचं लेकरू घावतंय का?"

"आता बघ की. मजा तर तीच आहे."

"मजा?" तू म्हणालीस.

"मग! आधीच कळलं तर काय उरलं?"

"तुमी सांगत असाल तर बसते. न्हाईतर मी निघाले."

मलाही माहीत नव्हता शेवट. पण तसं म्हणायच्या ऐवजी मी माझं तत्त्व सांगत बसले. तू उठलीस आणि सरळ बाहेर गेलीस. मी गेले नाही मागे. तू भित्री आहेस असं ठरवून, फुरंगटून, मी उरलेला पिक्चर चवीनं बघितला. याची मला अजून लाज वाटते. सुटल्यावर बाहेर आले तर तू सायकलींच्या रांगेपाशी उन्हात उभी. पदर डोक्यावर, चेहरा लालबुंद.

"घावलं," मी म्हटलं. "जिवंत आहे."

तू तिथेच सायकलींमध्ये मटकन खाली बसलीस.

मग पोरींना पुढं पाठवून आपण दोघी चालत आलो आणि तू बोललीस. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तू लातूरजवळच्या मुरूडला माहेरी होतीस, तान्ह्या बालाजीला घेऊन, आई आजारी म्हणून. तुझी पाच वर्षांची सोनी सासरच्या गावी आजीपाशी राहिली होती. गणपती बुडवल्याशिवाय येणार नाही म्हणून हटून बसली होती. पहाटे मुरूडची भांडीही फळीवरून पडली. तू मिळेल त्या गाडीनं गावात पोचलीस तर गाव ओळखू येत नव्हतं, आणि वेशीवरच कुणीतरी म्हणालं, पोरगी दवाखान्यात नेली, बरी हाय.

"तीन दिस, बाई. तीन दिस मी खाटा बघत हिंडले. ह्या दवाखान्यात, त्या दवाखान्यात. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मपल्या सख्ख्या भावाला ठाऊक होतं. त्यो माझ्या संगट हिंडून राहिला, माझ्या संगट चादरी उचलून बघून राहिला. पोरगी गेली त्याचं दुख हायेच. पण ते तीन दिस समदे मला बघून राहिले होते न्हवं का? मी कधी रडते म्हणून. ते इसरत न्हाई."

मी तुझ्या हातातली पिशवी घेतली, तेवढंच सुचलं. आणि आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर तू अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "म्हणून मला आधी शेवट सांगायचा. वाईट असला तरी."

तेव्हापासून ठरलं. नवा पिक्चर लागला की पहिल्या शुक्रवारी मी एकटी जायची, शाळेतून तशीच. माझी उत्कंठा मी तिथे भागवून घ्यायची. मग तुला शेवट सांगायचा आणि रविवारी तुझ्याबरोबर तोच पिक्चर पुन्हा. आख्ख्या शाळेत चर्चा, की शमीमबाई एकेक पिक्चर दोनदोनदा बघतात, काहीतरी भानगड आहे. भानगड तू होतीस. मेसच्या पोरींनी तर त्याची परीक्षाच करून टाकली होती. मी शुक्रवारी परत आले की जेवणाच्या ताटावरून ओरडायच्या, "बाई, खुनी कोण? अ, नवरा. ब, शेजारी. क, वॉचमन. ड, यांपैकी नाही." त्यांचा भीतीचा दिवस रविवार सकाळ असायचा, टेस्टचा. त्यांना पिक्चरमध्ये घाबरायला मिळालं की बरं वाटायचं, असं एकीनं मला सांगितलं होतं. त्या भीतीला निकाल नसतो म्हणाली.

तुला पक्कं ठाऊक असायचं पुढं काय येणार ते, आणि तरी ते आलं की तू माझा हात पकडायचीस. "शमीम, धर गं!" एरवीची बाई आणि तुमी तेवढ्या क्षणापुरते गळून पडायचे. दिवे लागले की पुन्हा, "बाई, चला, तुमचं ताट वाढते." मला त्या "शमीम"साठी भयपट आवडायला लागले हे तुला मी कधी बोलले नाही. माझ्या नावानं हाक मारणारं लातुरात दुसरं कुणी नव्हतं.

एकदा मात्र मी घोळ घातला. माझी दाढ ठणकत होती, मी शेवटची पंधरा मिनिटं सोडून उठून आले. तुला सांगायचं काय? ठोकून दिलं की मायलेकी दोघी सुखरूप सुटतात. रविवारी तू निवांत शेंगा खात बसलीस. शेजारची एक पोर मुसमुसायला लागली तर तिला म्हणालीस, "रडू नको, काय होत न्हाई तिला, बाईंनी बघितलंय." आणि पाच मिनिटांत पडद्यावरची आई मेली. तुझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तू माझ्याकडे बघितलंस. पिक्चरकडे नाही, माझ्याकडे.

आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. जेवण डब्यात घरी यायचं, पण त्यात ठेचा नसायचा. तुझा राग मला ठेच्यावरून कळायचा. नवव्या दिवशी ठेचा आला आणि मागोमाग तू आलीस. उंबऱ्यातच उभी राहून म्हणालीस, "बाई, वाईट सांगा. चालतंय मला. खोटं नगा सांगू." मी म्हटलं, अल्लाची शपथ, नाही सांगणार. तू म्हणालीस, "शपथ कशाला, तुमी म्हणलात तेवढं बास हाय."

आता इथून पुढचं लिहायला हात चालत नाही. पण लिहिते.

उन्हाळा लागतानाच तुझं पोट दुखायला लागलं. तू ओवा खाल्लास, हिंग लावलास, मग खूप उशिरा बालाजीबरोबर तपासून आलीस. रिपोर्ट आले त्या दिवशी बालाजीनं मला दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. कागद माझ्यापुढं धरले. मला त्यातलं कळलं ते एवढंच, की गाठ आहे आणि ती पसरलेली आहे. चार-पाच महिने, डॉक्टर म्हणाले होते.

"बाई, आईला अल्सर म्हणून सांगायचं. मी सांगितलं तर तिचा इश्वास बसणार न्हाई. तुमचं ऐकंल."

मी म्हटलं, "बालाजी, तुझ्या आईला मी शब्द दिलाय. आणि ते तीन दिवस तुला माहीत आहेत ना?"

"माहीत हायत ना बाई." तो चहाच्या ग्लासात बघत होता. "लहानपणापासून ऐकलंय. पण ते तीन दिवस तिला वाटत तर होतं ना, सोनी हाय म्हणून? ते बी गेलं असतं तर तिच्यापाशी काय होतं?"

पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, तुझ्या लेकाच्या या वाक्याला काय करायचं ते कळलं नाही. मी हो म्हटलं. खरं सांगू कमल? हो म्हटलं ते त्याच्यासाठी नव्हे. मला तुझा चेहरा बघायचा नव्हता. सायकलींमध्ये मटकन बसतानाचा तो चेहरा मी एकदा बघितला होता, तोसुद्धा चांगली बातमी ऐकल्यावरचा.

मग मी खोटं बोलले आणि मास्तरणीसारखं बोलले, म्हणजे अगदी टापटिपीनं. अल्सरवाल्यांनी काय खावं, काय खाऊ नये, त्याचा तक्ता करून तुझ्या भिंतीला लावला. तिखट बंद. तू मुकाट्यानं ठेचा सोडलास! जिनं आजारात डॉक्टरांच्या देखत मिरची मागितली असती, ती रोज मऊ भात खाऊन मला विचारायची, "बाई, अल्सर आता किती कमी झाला असंल?" मी म्हणायची, निम्मा. तू म्हणायचीस, बरं. तुझी कंबर इतकी बारीक झाली की लुगडं थांबत नव्हतं, आणि मी सांगत होते की अल्सरमध्ये वजन उतरतंच, नंतर भरून येतं. रोज घरी जाऊन मी नमाजात तुझी माफी मागायची. तुझी माफी देवाकडे मागून काय उपयोग, ती तुझ्याकडेच मागायला हवी होती.

त्या दिवसांत मी तुझ्या उशाशी फोन लावायची. एक भागाभागांची मालिका होती, सहा भागांची, खुनाची. पहिला भाग झाला आणि मी नेहमीसारखं म्हटलं, "शेवट सांगू? पोरींना विचारून येते."

"राहू द्या," तू म्हणालीस. "संगटच बघू."

मी चमकले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, तुला आता कशातच रस राहिला नाही. औषधांची गुंगी असेल. पण रस होता की! रोज दुपारी तू वाट बघायचीस. दुसऱ्या भागात दिराकडे बोट दाखवून म्हणालीस, ताटाकडं बघत न्हाई. पुढं काय होईल यावर माझ्याशी वाद घातलास, पोरीसारखा, आणि मी किती खूश झाले तुला काय सांगू. आपण दोघी, त्या पहिल्या अर्ध्या पिक्चरनंतर पहिल्यांदाच, काही माहीत नसताना शेजारी बसून पिक्चर बघत होतो. आणि तू माझा हात धरायचीस ते भीतीच्या जागी नव्हे, कुठंही. पडद्यावर नुसती माणसं चहा पीत असली तरी. "शमीम" म्हणायचीस. दिवसभर "शमीम"च. बाई कुठं गेली ते मी विचारलं नाही, मला वाटलं विचारलं तर परत येईल.

पाचवा भाग आपला झाला नाही. तू शेवटपर्यंत अल्सरनंच गेलीस. निदान मी तसं धरून चालले होते.

तू गेल्यावर लोक येऊन म्हणाले, बरं झालं बाई, तिला कळलं नाही. शांत गेली. मी मान हलवायची आणि आतून मला वाटायचं, मी तुझ्या त्या भावापेक्षा वेगळं काय केलं? तोही तुझ्याबरोबर चालत होता, मीही तुझ्याशेजारी बसले होते. तू एकच गोष्ट मागितली होतीस माझ्याकडे सगळ्या जन्मात. ती मी दिली नाही. हे ओझं घेऊन मी या अठरा-एकोणीस दिवसांत नुसती वावरत होते.

आणि काल वैष्णवी आली.

लोहा गावची वैष्णवी, दोन वर्षं तुझ्याकडे जेवायला होती, वरणातला कढीपत्ता वेचून ठेवायची म्हणून तू जिला बोलायचीस ती. आता नांदेडला डॉक्टर आहे. बाळंतपणाची रजा संपता संपता आली, तान्हं घेऊन. तुझ्या फोटोपुढं उभी राहिली, मग ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ लेकराला थोपटत राहिली.

"बाई, एक सांगू का? रागवू नका."

"बोल की."

"मावशींना माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते. ती म्हणाली, "रिपोर्ट आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला मला. मेसच्या पोरींकडून कागदांचे फोटो पाठवले होते. म्हणल्या, वैष्णवी, दोन वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, तू तरी शेवट सांग."

"मग?"

"मग सांगितला. त्यांना कोण खोटं सांगणार, बाई? सगळं सांगितलं. किती दिवस, तेही सांगितलं. मग म्हणल्या, बरं. बालाजीच्या पोरीचं जावळ तेवढं उरकून घेते."

जावळ तू उरकून घेतलं होतंस. घाई करून, भर उन्हाळ्यात. मी तुझ्यावर चिडलेही होते, की बरी झाल्यावर करता आलं नसतं का.

मी विचारलं, "मला का नाही बोलली?"

वैष्णवीनं लेकरू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी म्हणले होते त्यांना, बाईंना सांगू का, तुम्हाला माहीत आहे म्हणून? तर म्हणल्या, नगं. बाईंनी माझ्यासाठी आपला शब्द मोडलाय, आन रोज इतकं मन लावून खोटं बोलून राहिल्यात. त्यांना वाटू दे मला ठाऊक न्हाई म्हणून. आन..." ती रडत होती पण हसतही होती. "आन त्यांना सस्पेन्स लई आवडतंय, म्हणल्या."

कमल, म्हणजे चार महिने तू मला बघत होतीस. मी तक्ता लावत होते, निम्मा कमी झाला म्हणत होते, आणि तू मऊ भात खात शेवट माहीत असलेला पिक्चर माझ्याबरोबर बसून बघत होतीस, माझा हात धरून, मला कुठं भीती वाटेल ते आधीच ठाऊक असल्यासारखी. तुला त्या तीन दिवसांत जे झालं ते तू मला होऊ दिलं नाहीस. मी रडते कधी म्हणून तू बघत नव्हतीस. मी रडू नये म्हणून बघत होतीस.

माफी मागायची होती ती आता कुणाकडे मागू, आणि आभार मानायचे ते कसे मानू. तू असतीस तर ठेचा वाढून विषय बदलला असतास.

एवढंच तुला सांगते, जे तू समोर असताना पंचवीस वर्षांत एकदाही कबूल केलं नाही. नाही आवडत गं मला सस्पेन्स. तू मला सांगायला हवं होतंस. आपण दोघी बसून रडलो असतो.